मोझेलकाठची बाटली

उर्सुला आष्टीच्या बसस्टँडवर उतरली तेव्हा तिच्या एका हातात सुटकेस होती. दुसऱ्या हाताने तिने लोकरी स्वेटरात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं होतं. मार्चचं ऊन, अंगावर घामाच्या धारा, आणि ही बाई स्वेटर घेऊन आलेली. स्टँडवरची माणसं चहाचे कप तोंडाशी तसेच धरून पाहत राहिली.

अन्नपूर्णा पुढे झाली. वहिनीला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोत दादा शेजारी होता आणि मागे नदी होती. आता दादा नव्हता. त्याला जाऊन उद्या बरोबर वर्ष होणार होतं.

“ते माझ्याकडे द्या,” अन्नपूर्णा इंग्रजीत म्हणाली. ती आष्टीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, पण शाळेबाहेर इंग्रजी बोलायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“नको, हे मीच आणीन,” उर्सुला म्हणाली. तिचंही इंग्रजी उसनंच होतं. दोघी परक्या भाषेत भेटल्या आणि गळ्यात पडून रडायला लागल्या. रडायला तेवढी भाषा लागली नाही.

दादा, म्हणजे प्रेमदास, हा आष्टीतल्या त्यांच्या वस्तीतून परदेशी गेलेला पहिला माणूस. बाप कवडू हमाली करायचा आणि मोहाची प्यायचा. एकसष्ट साली कुठलीशी बिघडलेली दारू पिऊन तो दोन दिवसांत गेला. जाताना त्याचे डोळे गेले होते. बायकोचं तोंड कुठे आहे ते तो हाताने चाचपत होता. जिजाबाईंनी तेव्हापासून संत्र्याच्या बगिच्यांत मजुरी करून दोन लेकरं शिकवली. पोरगा नागपूरला डिप्लोमा झाला आणि सत्तर साली जर्मनीच्या एका कारखान्यात मशीनवर काम शिकायला निघाला. तेव्हा जिजाबाईंनी त्याला विहारात नेलं आणि त्याचा हात आपल्या हातात धरून पाचवं शील तीनदा म्हणून घेतलं. मद्य पिणार नाही. एकदा, दोनदा, तीनदा.

“तिकडं पाण्यासारखी पेतेत म्हणे,” त्या म्हणाल्या होत्या. “तू पाणीच पेजो, बापू.”

त्यानंतर बारा वर्षं त्यांनी वस्तीला हेच ऐकवलं. महिला मंडळ घेऊन त्या भट्ट्यांवर गेल्या, मडकी फोडली. कोणाचा नवरा, कोणाचा पोरगा पिऊन आला की त्याच्या दारात उभ्या राहून सांगायच्या, “माह्या प्रेमदासाकडे पाह्य. दारूच्या देशात राह्यते तो, पण थेंबाले शिवला नाई.” कितीतरी जणांनी त्या नावाच्या धाकाने सोडली. काहींनी परत धरली. पण नाव टिकलं.

घरी आल्यावर उर्सुलाने सासूच्या पायांना हात लावला. प्रेमदासने शिकवलं असणार. जिजाबाईंनी तिला उठवून शेजारी खाटेवर बसवलं, तिचे तळहात उलटे करून पाहिले.

“घट्टे हायेत वं हिच्या हाताले,” त्या अन्नपूर्णाला म्हणाल्या. “कामाची बाई हाये. मले वाटलं मेमसाब असंन.”

“बापाचा द्राक्षाचा मळा आहे तिच्या. नदीच्या काठी, डोंगराच्या उतारावर. ती स्वतः काम करते,” अन्नपूर्णाने सांगितलं. दादाच्या पत्रांतून एवढं माहीत होतं. मोझेल नावाची नदी, तिच्या काठचं घर, त्या घरात दादा आधी भाडेकरू होता, मग जावई झाला. द्राक्षांचं पुढे काय होतं ते दादाने कधी लिहिलं नव्हतं आणि जिजाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. द्राक्षं म्हणजे खायचीच, असं त्या धरून चालल्या होत्या.

पाणी झालं, चहा झाला. मग उर्सुलाने स्वेटर उलगडला. आत लांब मानेची हिरवी बाटली होती. तिच्या कागदावर नदीचं आणि उताराचं चित्र होतं, आणि त्याखाली बॉलपेनने देवनागरीत लिहिलं होतं: जिजाबाई कवडू. अक्षर दादाचं होतं.

उर्सुलाने बाटली सासूसमोर जमिनीवर ठेवली आणि बोलायला लागली. वाक्यं तिने पाठ करून आणली होती, हे अन्नपूर्णाला लगेच कळलं. शाळेतली मुलं कविता म्हणतात तशी ती एका जागी नजर लावून बोलत होती.

“हे आमच्या मळ्यातलं आहे. पंचाहत्तर सालचं. शहात्तरच्या डिसेंबरात तो इथे आला तेव्हा ही बाटली त्याच्या सुटकेसमध्ये होती. आईला सगळं सांगायचं म्हणून तो आला होता. पण तो आला त्याच दिवशी, दारूच्या भट्ट्या बंद केल्या म्हणून बायकांनी आईला हार घातला होता, आणि आईने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून भाषण केलं. त्याला सांगता आलं नाही. बाटली तो परत घेऊन आला. सहा वर्षं ती तळघरात उभी होती.” तिने श्वास घेतला. “दवाखान्यात तो मला म्हणाला, तू जा. आईपुढे ठेव. सांग की तिला दिलेला शब्द मी दुसऱ्याच वर्षी मोडला. रविवारी जेवताना एक ग्लास. कधी झिंगलो नाही, बाबांसारखा झालो नाही. तरी मोडला तो मोडलाच. आणि तिला विचार, अजूनही ती माझ्यासोबत जेवायला बसेल का? हो म्हणाली तर तिच्या हातच्या मासोळीसोबत तिथेच उघड. नाही म्हणाली तर तिच्या नदीत ओतून दे.”

एवढं बोलून ती थांबली आणि अन्नपूर्णाकडे पाहू लागली.

जिजाबाईंची नजर बाटलीवर होती. “हे काय होय? दारू हाये काय?”

शहात्तरचा तो दिवस अन्नपूर्णाला आठवला. दादा खाटेवर बसून होता, सुटकेस पायाशी, कुलूप लावलेली. रात्री सगळे गेल्यावर त्याने किल्ली हातात घेतली होती, मग पुन्हा खिशात टाकली. तिने विचारलं होतं, काय रे, काय शोधतोस? तो म्हणाला होता, काही नाही, झोप.

“काय म्हणते ती? बोल ना,” जिजाबाई म्हणाल्या. “काऊन गप बसली?”

समोर खाटेवर त्रेसष्ट वर्षांची बाई होती. नवरा गेला होता, पोरगा गेला होता. पोराचा देहही तिला दिसला नव्हता, तिकडेच सगळं झालं. तिच्याजवळ उरलेलं होतं ते एक वाक्य, थेंबाले शिवला नाई. अन्नपूर्णाच्या मनात एवढंच आलं की हे वाक्य आपल्या तोंडून मोडायचं नाही.

“वाईन आहे, माय. द्राक्षाची,” ती म्हणाली. “तिच्या बापाच्या मळ्यातली. दादा पीत नव्हता. पण त्यांच्याकडे रीत आहे, माणसाला वर्ष झालं की त्याच्या घरच्यांसोबत जेवायचं आणि हे प्यायचं. ती विचारते, तुझ्या हातच्या मासोळीसोबत तिनं घेतलं तर चालेल का?”

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. उर्सुलाचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते.

“माह्या घरात आजवर आली नाई दारू,” जिजाबाई म्हणाल्या. “त्याचा बाप पेये तं बाहेरून पेऊन ये, मी घरात आणू देत नव्हती.” मग त्यांनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. “पण ही सून हाये. तिच्या बापाच्या वावरातलं हाये. इतक्या दुरून आणलं तिनं. पेऊ दे तिले. दार लोटून घेजो फक्त, जिल्ह्यात बंदी हाये. आणि तानबाले सांग, सकाऊन ताजी मासोळी पाह्यजे म्हना.”

त्या उर्सुलाकडे पाहून मान हलवून हसल्या.

“काय म्हणाली?” उर्सुलाने विचारलं.

अन्नपूर्णा म्हणाली, “हो म्हणाली.”

उर्सुला सासूच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून इतकी रडली की जिजाबाई घाबरल्या. “अवं, अवं, एवढं रडण्यासारखं काय हाये? पाणी दे तिले,” असं म्हणत त्या तिच्या पिवळ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानबा भोयाने वर्धा नदीची रोहू आणून दिली. उर्सुला चुलीजवळ बसून सगळं पाहत होती. जिजाबाईंनी जवस भाजून पाट्यावर वाटला, लसूण ठेचला, नुकत्या धरलेल्या कोवळ्या कैऱ्या किसून टाकल्या. मिरचीची मूठ भरली तेव्हा उर्सुलाने पटकन हात पुढे केला आणि बोटांनी दाखवलं, थोडी.

“कमी टाक म्हणते काय?” जिजाबाई थबकल्या. “प्रेमदासही तेच म्हणे त्या वक्ती. मी म्हणलं, तिकडं राहून याचं पोट साहेबाचं झालं.”

त्यांनी अर्धी मिरची परत डब्यात टाकली.

दार लोटलं, तीन ताटं मांडली. ज्वारीची भाकर, भात, मासोळीचा रस्सा. उर्सुलाने बाटली उघडली. आवाज झाला तसं अन्नपूर्णाने दाराकडे पाहिलं. फिकट, जवसाच्या तेलासारखा रंग. उर्सुलाने स्टीलच्या दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, एक स्वतःपुढे ठेवला, एक सासूपुढे.

जिजाबाईंनी तो दोन बोटांनी हळूच बाजूला सारला.

“तिचं व्रत आहे,” अन्नपूर्णा इंग्रजीत म्हणाली. “ती पिणार नाही. पण बसेल.”

“त्याने बसायलाच सांगितलं होतं,” उर्सुला म्हणाली. “प्यायला नाही.” तिने मासोळीचा तुकडा तोंडात घातला, वर एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

मग ती बोलायला लागली, आणि हे पाठ केलेलं नव्हतं. तिच्या गावात ही वाईन नदीच्या माशासोबतच घेतात. मासा नुसता उकडून, वर लोणी, बाजूला बटाटे. डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी असला तरी चालते. तिच्यात गोडी नाही, आंबटपणा आहे, म्हणून तेलकटाला ती कापते. प्रेमदासला उकडलेला मासा बेचव वाटायचा. दर रविवारी तो काहीतरी करून पाहायचा. कांद्याची भजी केली, ती सगळ्यांत जमली. तिचे वडील अजून भजीच मागतात. कढीसोबतही बरी लागली. ठेच्यासोबत मात्र घोट घेतला की जाळ विझायच्या ऐवजी दुप्पट व्हायचा. एकदा हौसेने पुरणपोळी केली. तिच्यावर घोट घेतला तर वाईनचा नुसता व्हिनेगर. वडील हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. आणि मार्चात तो ही मासोळी करायचा. जवस तिथे औषधाच्या दुकानात मिळतो, पोट साफ व्हायला खातात. कैरी मिळत नाही, म्हणून हिरवी सफरचंदं किसायचा. खाताना दरवेळी म्हणायचा, जवळ आलंय, पण आईचं नाही.

जिजाबाई हातातला घास हातात ठेवून ऐकत होत्या. भाषा कळत नव्हती, पण पोराचं नाव कळत होतं, आणि सून हसते आहे हे कळत होतं.

“काय सांगून राह्यली? मलेही सांग.”

अन्नपूर्णाने सगळं सांगितलं. भजी, कढी, ठेचा, पुरणपोळी, सफरचंद. फक्त घोट दादाच्या तोंडातून काढून सासऱ्याच्या तोंडात घातला. दादा रांधायचा, सासरा प्यायचा, कशासोबत काय जमलं ते दादा सांगायचा.

जिजाबाई हसल्या, मग भुवया आक्रसल्या. “पेल्याबिगर त्याले कसं समजे वं, कायसंगं काय जमते ते?”

“वासावरून, माय.”

“हां.” त्या एकदम खुलल्या. “नाक तं त्याचं लहानपणापासून तेज होतं. मी चुलीवर काय ठेवलं ते गल्लीच्या टोकावरून सांगे.” सुनेच्या ताटात त्यांनी आणखी एक तुकडा वाढला. “खाय, सूनबाई. सांग तिले, खाय म्हना. डोकं त्याले आवडे, पण तिले नको देऊ, काटे असतेत.”

त्या जेवणात दोघी सुखात होत्या. अन्नपूर्णाने असं जेवण त्या घरात पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी विहारात वर्षाचा कार्यक्रम होता. वस्ती सगळी जमली. जर्मनीची सून पाहायला पलीकडच्या मोहल्ल्यातली माणसंही आली. वंदना झाली, पंचशील झालं. जिजाबाई पुढे बसून सांगायच्या आणि मागून सगळे म्हणायचे, तशी रीत होती. पाचवं शील म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

“मी सांगतो ते तुमाले खरं वाटत नसंन,” त्या म्हणाल्या. “आज त्याची बायको आली हाये. तिच्याच तोंडून आयका.”

अन्नपूर्णाने उर्सुलाला सांगितलं, दादाबद्दल चार शब्द बोला.

उर्सुला उभी राहिली. रंगीत कागदाच्या माळा, बाबासाहेबांचा फोटो, दाटीवाटीने बसलेली माणसं, सगळ्यांवरून तिची नजर फिरली. ती म्हणाली, “माझा नवरा खरं बोलणारा माणूस होता. एकच गोष्ट त्याने लपवली आणि तिचं ओझं त्याने अकरा वर्षं वाहिलं. काल त्याच्या आईने ते उतरवलं. त्याने शब्द मोडला हे ऐकूनही ती त्याच्यासोबत जेवायला बसली. मला एवढी मोठी आई दुसरी माहीत नाही.”

सगळे अन्नपूर्णाकडे पाहत होते. पंचफुला मावशी पुढे सरकून म्हणाली, “काय म्हणते वं? लवकर सांग ना.”

“त्या म्हणतात,” अन्नपूर्णा म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गात धडा वाचावा तसा सपाट येत राहिला, “माझा नवरा शब्दाचा पक्का होता. आईला दिलेला शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. अशी आई मला दुसरी माहीत नाही.”

टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. उर्सुलाला वाटलं, आपण सांगितलं त्याला टाळ्या पडल्या. एवढ्या माणसांनी आपल्या नवऱ्याला माफ केलं असं तिला वाटलं असावं, कारण हात जोडून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. सासूने तिला जवळ घेतलं. दोघींच्या मधोमध उभी राहून अन्नपूर्णा दोघींना वेगवेगळ्या माणसाबद्दल रडताना पाहत होती.

उर्सुला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. अर्धी बाटली तिने मुद्दाम ठेवली. म्हणाली, आईच्या वाट्याची आहे, तिने काहीही करावं. खिडकीतून तिने अन्नपूर्णाचा हात धरला. “मी त्याच्या कबरीवर जाऊन सांगेन. ती हो म्हणाली, असं सांगेन.”

“काय म्हणते?” जिजाबाईंनी विचारलं.

“पुन्हा येईन म्हणते.”

“येजो म्हना. आपलंच घर हाये.”

दुपारी अन्नपूर्णा शाळेतून आली तेव्हा जिजाबाई आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. समोर बाटली, बूच काढलेलं. अन्नपूर्णा दारातच थांबली. जिजाबाईंनी बाटली नाकाजवळ नेली, वास घेतला, दूर धरली, पुन्हा घेतला.

“मोहाचीसारखा वास नाई याले,” त्या म्हणाल्या. मुलगी आली आहे हे त्यांना पाठमोऱ्याच कळलं होतं. “कापलेल्या कैरीसारखा येते. गोड माणसाच्या घरातली वस्तू वाटते.”

“ओतून देऊ का, माय?”

जिजाबाईंनी ऐकलं नसावं. “रोज टेबलावर हे. बायको पेते, सासरा पेते. आणि हा आपला पाणी घेऊन बसे. बारा वर्सं. कसं राहवलं असंन त्याले?” त्यांनी बूच बसवायचा प्रयत्न केला, ते बसेना. “मी त्याले लय आवळून बांधलं होतं काय वं, अन्नपूर्णा?”

खरं सांगायचं दार आईनेच उघडलं होतं. एवढंच पुरे होतं. अन्नपूर्णाने म्हणायला हवं होतं, माय, बस, वहिनी काय म्हणाली ते पुन्हा नीट सांगते. पण काल टाळ्या पडल्या होत्या. पंचफुला मावशीने सकाळीच येऊन सांगितलं होतं की तिच्या धाकट्याने रात्री विहारात शपथ घेतली. आणि खरं सांगायचं तर ती भ्यायली. आईच्या प्रश्नाला नव्हे, स्वतःच्याच दोन दिवसांच्या बोलण्याला भ्यायली.

“नाही गं, माय,” ती म्हणाली. “तू बरोबरच केलंस.”

“हां,” जिजाबाई म्हणाल्या. त्या आवाजात समाधान होतं की काय होतं, ते अन्नपूर्णाला तेव्हा ओळखता आलं नाही. पुढे हजारदा आठवून पाहिलं, तेव्हाही आलं नाही.

जिजाबाई आणखी चार वर्षं जगल्या. उर्सुलाची पत्रं यायची, अन्नपूर्णा वाचून दाखवायची, वाचता वाचता दुरुस्त करायची. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं आटोपलं. शेवटच्या दिवशी त्या बोलत होत्या, पण संत्र्याच्या बगिच्याबद्दल, कोणत्या झाडाला टेकू लावायचा राहिला त्याबद्दल. अन्नपूर्णा त्यांच्या उशाशी बसून एक वाक्य जुळवत होती. माय, दादानं तुला एक विचारलं होतं. ते जुळेपर्यंत जिजाबाईंना ग्लानी आली.

महिनाभराने तिने उर्सुलाला पत्र लिहिलं. आईच्या मरणाचं लिहिलं, आणि मग तिथे न थांबता पुढे लिहिलं. आईपर्यंत दादाचा प्रश्न पोचलाच नव्हता. ती जेवायला बसली ती तुमच्यासोबत, तुम्हाला सून म्हणून. हो मी म्हणाले. ती काय म्हणाली असती, मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. तुम्ही कबरीवर जे सांगितलं ते माझं होतं, तिचं नव्हतं. पत्र तिने दोनदा वाचलं, आणि विचार बदलायच्या आत पोस्टात टाकलं.

मोझेलकाठाहून पत्र यायला तीन आठवडे लागत. दिवाळी झाली, थंडी सरली, दादाचा मार्च आला आणि गेला. पोस्टमन रूपराव शाळेच्या फाटकाशी सायकल थांबवून आता आपणहूनच मान हलवायचा.

“जर्मनीचं काई नाई, मास्तरीणबाई.”

“बरं,” अन्नपूर्णा म्हणायची, आणि वर्गावर जायची.